पोत्याच्या तोंडाची दोरी

शास्त्रपाठ : उत्पत्ति ४७:१३-२६, रूथ २:१५-१६

मिसर देशांतील दुष्काळाची गोष्ट मुलांस सांगतांना आपण बहुधा कोठारें उघडलीं येथेंच थांबतों. शास्त्र तेथें थांबत नाहीं. योसेफानें धान्य दिलें तें विकत दिलें. प्रथम लोकांचा पैसा गेला, मग गुरेंढोरें, मग शेतें, आणि शेवटीं माणसें स्वतः फारोचे दास झालीं. जीव वांचले, यांत संशय नाहीं. लोकांनीं योसेफाचे उपकारही मानिले. परंतु भुकेल्याच्या मानेवर जूं ठेवणें किती सोपें, हें या अध्यायांत दिसतें.

आपल्या देशासही कांहींसा असा अनुभव आला. १९५४ सालीं अमेरिकेनें कायदा करून आपलें शिलकी धान्य परदेशांस सवलतीनें देण्याचें ठरविलें, आणि १९५६ पासून आपलें सरकार रुपयांत किंमत देऊन तो गहूं घेऊं लागलें. १९६५ व १९६६ सालीं पावसानें दगा दिला, बिहारांत दुष्काळ पडला. तेव्हां अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा सुमारें पांचवा हिस्सा जहाजांनीं इकडे आला. त्या गव्हावर पुष्कळांच्या चुली पेटल्या. तें न मानणें कृतघ्नपणा होईल. तथापि अध्यक्ष जॉन्सन यांनीं तो एकदम न देतां थोडा थोडा सोडिला. आपल्या सरकारनें शेतीचें धोरण बदलावें, ही त्यांची इच्छा होती. शिवाय व्हिएतनामच्या युद्धावर येथून झालेली टीका त्यांस रुचली नव्हती. पोतें दिलें, पण त्याच्या तोंडाची दोरी हातीं ठेविली.

राज्यें अशींच वागतात. त्यांजवर रागावून काय होणार? मला काळजी वाटते ती आपल्या मंडळीची. उपदेशक बंधूंनो, मिशनच्या अंगणांत कधीं काळीं धान्य वांटलें गेलें, म्हणून ‘हे भाकरीसाठीं बाटले’ असा टोमणा आपणांस अजून ऐकावा लागतो. वाद घालून तो मिटणार नाहीं. बवाजानें काय केलें तें पाहा. रूथ मवाबी, परकी, विधवा. त्यानें गड्यांस सांगितलें कीं, पेंढ्यांतून कांहीं कणसें मुद्दाम गळूं द्या, आणि तिला धमकावूं नका. तिला हात पसरावा लागला नाहीं. तिनें वेचून नेलें.

मदतीचें धान्य आपल्या हातीं आलें, तर यादी करितांना उपासनेस कोण येतो हें पाहूं नये. घरांत तोंडें किती आणि चूल कधींपासून थंड आहे, एवढेंच पाहावें. जो आपणांस हंसतो त्याच्या दारींही माप तेंच न्यावें, आणि त्या दिवशीं तेथें उपदेश करूं नये. उपदेशास दुसरे दिवस आहेत.