गोड आठवणींचे ऋण

नोकरीच्या निमित्ताने प्रांतोप्रांती फिरणाऱ्या आपल्यासारख्या माणसांजवळ सामान थोडे आणि आठवणी फार, अशी स्थिती असते. दर बदलीला खाट-कपाट विकावे लागते. आठवणी तेवढ्या विनामूल्य बरोबर येतात, अशी माझीही समजूत होती. गेल्या वर्षी झालेल्या एका साध्या संभाषणाने ती डळमळली. गोड आठवणींवर आपला संपूर्ण हक्क असतो काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

दहा वर्षांपूर्वी मी सिमल्यास एका केंद्रीय कचेरीत होतो. तेथील कर्मचाऱ्यांचे एक हौशी नाट्यमंडळ होते. त्या उन्हाळ्यात मंडळाला गेइटी थिएटरमध्ये एका हिंदी नाटकाचा प्रयोग करावयास मिळाला आणि त्यातील म्हाताऱ्या मुनिमाची भूमिका माझ्या वाट्यास आली. माझ्या हिंदीतील मराठी हेल काही केल्या जाईना. ‘है’ आणि ‘हैं’ यांतील भेद दिग्दर्शक मला रोज नव्याने शिकवीत. जूनमधील त्या लांबलेल्या संध्याकाळी, देवदारांतून येणारा वारा, तालमीनंतर मॉलवरून संवाद पुटपुटत घरी परतणे, प्रयोगाच्या रात्री पांढऱ्या मिशांना लावलेल्या डिंकाचा वास, आणि माझ्या तिसऱ्याच वाक्याला प्रेक्षकांतून उसळलेला हशा! हे सारे मी किती बैठकांत रंगवून सांगितले असेल, याची गणती नाही.

सिमल्याच्या उन्हाळी रंगभूमीची परंपराच अशा आठवणींची आहे. १८६४ पासून सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. हेन्री आयर्विन यांनी आराखडा केलेले गेइटी थिएटर ३० मे १८८७ रोजी उघडले. नटमंडळी बहुतेक हौशी, म्हणजे लष्करातील व सरकारी खात्यांतील अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबांतील स्त्रिया. त्याच वर्षी तरुण रुडयार्ड किपलिंग ‘अ स्क्रॅप ऑफ पेपर’ या नाटकात उभा राहिला. १८९७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ‘द गेशा’ या संगीतिकेत काम केले. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या माणसांना ही रंगभूमी मायदेशाचा एक तुकडाच वाटत असली पाहिजे. बदलीच्या गावी गणेशोत्सवात नाटक बसविणाऱ्या आपणांस ती भावना परकी नाही.

परंतु त्या नाटकांना प्रेक्षक येत ते माणसांनी ओढलेल्या रिक्षांतून. एका रिक्षेला चार-पाच झंपानी लागत, आणि पडदा पडेपर्यंत ते बाहेर थंडीत ताटकळत. १९०३ मध्ये काल्का-सिमला रेल्वे सुरू होण्यापूर्वी सरकारचे दप्तर गाड्यांतून आणि हमालांच्या पाठीवरून डोंगर चढे. आसपासच्या पहाडी मुलखात बेगार चाले. कोटगढच्या बाजूस सॅम्युअल स्टोक्स यांनी १९२१ मध्ये तिच्याविरुद्ध लढा दिला. रंगमंचाच्या गोड आठवणींत ही माणसे क्वचितच येतात. त्याविषयी वाचताना मला संताप येई, आणि तो दोष त्या साहेबांच्या माथी मारून मी मोकळा होत असे.

गेल्या वर्षी सिमल्याचे माझे एक वयस्क सहकारी सेवानिवृत्त झाले. त्यांचे मेज माझ्या शेजारी असे. अभिनंदनासाठी मी दूरध्वनी केला आणि बोलता बोलता नेहमीप्रमाणे नाटकावर आलो. तुम्हांला माझा मुनीम कसा वाटला होता, असे मी विचारले. ते हसून म्हणाले, की नाटक पाहणे काही जमले नव्हते. तिमाहीचे विवरणपत्र त्याच रात्री पुरे करावयाचे होते. मग सहज, कसलाही आरोप न करता, त्यांनी सांगितले, की त्या वर्षी रजा पुढे ढकलल्यामुळे गावच्या घराचे छप्पर पावसापूर्वी नीट करता आले नाही; जुलैत ते गळले आणि म्हातारी आई महिनाभर शेजाऱ्यांकडे राहिली.

ते विवरणपत्र माझे होते. तालमींसाठी मी रोज लवकर उठून जाई आणि ते ‘जा, मी पाहतो’ म्हणत. हे मी विसरलो होतो, असे म्हणणेही खरे नाही. ते माझ्या आठवणीत कधी शिरलेच नव्हते.

नैयायिकांनी स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या पंक्तीस बसविले नाही, ती केवळ पूर्वसंस्कारातून उपजते म्हणून. मला तिचा दोष निराळा वाटतो. माझी आठवण खोटी नव्हती. तो वारा, तो हशा सारे खरे होते. परंतु आठवण दिवा धरते तो रंगमंचावर. ज्याच्या जिवावर आपण तेथे उभे राहिलो, तो अंधारात राहतो; आणि अंधारात राहिलेल्याचे देणे चुकते झाले, असे आपण गृहीत धरतो.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक आनंदाचा असा हिशेब मांडला तर माणसाने हसावे तरी केव्हा? शिवाय ज्यांनी केले त्यांनी स्वखुशीने केले. मागणी नसताना परतफेड कसली? आक्षेपात तथ्य आहे. झंपान्याची विवशता आणि माझ्या सहकाऱ्याचा स्नेह एका मापाने मोजता येणार नाहीत. पण स्नेहाने दिलेले मागितले जात नाही, म्हणूनच ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी घेणाऱ्यावर पडते. आपल्या पूर्वजांनी देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे सांगितली. यांपैकी कोणीही तगादा लावावयास येत नाही. ऋण मान्य केल्याने आनंद उणावत नाही. तो आपल्या एकट्याचा राहत नाही, एवढेच.

दूर राहणाऱ्या आपणां सर्वांच्याच बाबतीत हे खरे आहे. आपण परमुलखात मंडळे काढतो, नाटके बसवितो, त्यांच्या आठवणी जपतो. तेव्हा गावाकडे कोणी भाऊ वडिलांना दवाखान्यात नेत असतो, कोणी वहिनी आईचे पथ्य सांभाळीत असते.

त्या सहकाऱ्यांना मी पत्र लिहिले. क्षमा मागणे त्यांना अवघड वाटले असते, म्हणून त्या रात्री काय घडले ते मला कळले आहे, एवढेच लिहिले. सिमल्याची गोष्ट मी अजूनही सांगतो, आणि मुनिमाच्या मिशांवर लोक अजूनही हसतात. फक्त आता तिची सुरुवात मी कचेरीतील शेजारच्या मेजापासून करतो.