डब्यातला सुपरमॅन

जळगावच्या माझ्या भाच्याचं जगात एकाच गोष्टीविषयी ठाम मत आहे: सुपरमॅनच्या डिस्कचा डबा. डबा पत्र्याचा हवा, कोपरा चेपलेला नको आणि वरचं प्लास्टिक तर फाडायचंच नाही. एक पिच्चर त्याने दोनदा घेतलाय, एक पाहायला आणि एक न पाहायला. न पाहायचा अर्थातच महाग. 2006 साली अमेरिकेत सुपरमॅनचा 14 डिस्कांचा पत्र्याचा डबा निघाला होता. त्याचं नाव घेताना तो देवघरातल्यासारखा आवाज खाली आणतो.

धुळ्याचे आमचे बापू याच्या अगदी उलट. त्यांच्या सीड्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर पेनने नाव. ते भाच्याला विचारतात, "तुले डबा चाटना शे का पिच्चर देखना शे, भाऊ?" रावेर-यावलच्या केळ्यांवर वाढलेल्या माणसाने वेष्टनाला किती मान द्यावा, हा प्रश्न रास्तच आहे. साल सोलायची आणि म्हशीपुढे टाकायची.

पण मुख्य पिच्चरसोबत जी वरकड डिस्क येते, म्हणजे कापलेले प्रसंग, शूटिंगच्या गमती, माणूस उडवला कसा वगैरे, तिच्यावरून दोघांचं भांडण तात्त्विक पातळीवर जातं. बापू म्हणतात, जादूगाराने आधी टोपी उलटी करून दाखवली की मग ससा कशाला पाहायचा? भाचा रिचर्ड डॉनरचा दाखला देतो. 1978 चा सुपरमॅन याचा. दुसरा भागही बराचसा यानेच चित्रित केला, पण निर्मात्यांशी बिनसलं आणि तो दुसऱ्याने पुरा केला. चाहते हटून बसले, तेव्हा 2006 मध्ये डॉनरची आवृत्ती डिस्कवर आली. पंक्तीतून उठवलेल्याला पंचवीस वर्षांनी पान मिळालं!

मला विचाराल तर खानदेशी माणसाने बापूंच्या बाजूने बोलूच नये. आपली भरीत पार्टी म्हणजे काय? शेतात काट्या पेटवणं, वांगी भाजणं, डोळ्यांत धूर, आणि ठेचायला कोण बसणार यावरून वाद. खाणं अर्ध्या तासात उरकतं. सगळी मजा त्या आधीच्या तीन तासांची असते.

मात्र धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागतं, आणि तिथे हा हिशेब अडतो. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. काडीसारखे बारीक शेख शफीक हे यंत्रमागावरचे कामगार, ते सुपरमॅन झाले. मागे हिरवा कपडा धरून त्यांना उडवलं. हा उद्योग फैजा अहमद खान यांनी टिपला, आणि 2008 साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट तयार झाला. वरकड डिस्कवर शोभावी अशी ही चीज देशोदेशी गाजली. मूळ पिच्चर पाहिलेले त्या मानाने किती निघतील?

या सुपरमॅनचा शत्रू तंबाखू. शफीक स्वतः तोंडाच्या कॅन्सरने गेले. 2012 साली माहितीपट थिएटरात लागला तेव्हा ते नव्हते. 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला, तोही त्या पिच्चर काढणाऱ्यांवरच.

म्हणजे त्या माणसाने जिवाच्या कराराने सांगितलं, मला उडताना बघा. आणि आपण बघितलं काय, तर त्याला उचलणारे हात. कौतुकानेच बघितलं, डोळे पुसत बघितलं. पण त्याने मागितलं होतं ते हे नव्हे. बापूंचा ससा मला इथे प्रथम पटला. भाचा म्हणतो, माहितीपट नसता तर मामा, तुम्हाला शफीक हे नाव तरी कळलं असतं का? यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या बापूंच्या पिशवीतल्या मालेगावच्या सीड्यांसाठी भाचा पत्र्याचा डबा शोधतोय. झाकणावर उडणारे शफीक घ्यायचे की कपडा धरणारे, यावर दोघे आठवडाभर बोलत नाहीयेत.