एका खानावळीची चार नावं

राजूरच्या गणपतीच्या वाटेवर मावशीची खानावळ होती. राजूर भोकरदन तालुक्यात, जालन्याहून पंचवीसएक किलोमीटर. एरवी गाव आपल्या कामात असतं; पण चतुर्थी आली की रस्ता माणसांनी भरतो, आणि ती मंगळवारी आली, अंगारकी झाली, की पाय ठेवायला जागा उरत नाही. जालन्यातून रात्रीच पायी निघालेली माणसं पहाटे पोचतात. चिखली, देऊळगाव राजा, सिल्लोडकडच्या गाड्या लागतात. मावशीकडं त्या दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी. रात्री चंद्र उगवला की उपवास सोडायला चुलीवरची ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवलेला माणूस मावशीला नावं ठेवत नसे. पण पुढच्या खेपेला तोच माणूस शेजारच्या हॉटेलात बसलेला दिसे.

हे कोडं मावशीला सुटलं नव्हतं. तिच्या भाच्याला वाटलं, आपल्याला सुटलंय. तो संभाजीनगरला दोन वर्षं एका मोठ्या हॉटेलात काम करून आला होता. त्याचं म्हणणं असं, की मावशी जाहिरात करत नाही. म्हणून त्यानं करायला घेतली. जुन्या पत्र्याच्या पाटीवर मावशीच्या सासूच्या नावानं ‘भोजनालय’ लिहिलेलं होतं. भाच्यानं बिलबुक छापलं त्यावर ‘हॉटेल’ आलं. व्हिजिटिंग कार्डावर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ झालं. नाक्यावर फ्लेक्स लावला त्यावर ‘ढाबा’. कार्ड निळं, फ्लेक्स लाल-पिवळा, बिलबुक हिरवं. चार रंगांतलं चकचकीत पत्रक काढलं, त्यावर वर गणपतीचं चित्र आणि खाली इंटरनेटवरून उतरवलेली थाळी: पनीर, नान, गुलाबजाम. यातलं काहीच मावशीच्या चुलीवर शिजत नव्हतं. पत्रकं जालन्यात पेपरात घालून वाटली, उरलेली अंगारकीच्या गर्दीत. संध्याकाळी ती वाटभर पडलेली होती आणि त्यांवरून माणसं चालत होती. मावशीनं ओटीत मावतील तेवढी गोळा केली, कारण त्यांवर देव होता.

पैसे संपले आणि गिऱ्हाईक होतं तेवढंच राहिलं. तरी भाचा पाचवं डिझाइन घेऊन जुन्या जालन्यातल्या प्रेसवर गेला.

प्रेसवाले काका ट्रेडल मशीनवर खिळे जुळवत वाढलेले, पुढं ऑफसेटवर आलेले. त्यांनी पेनड्राइव्ह हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. म्हणाले, “आतापर्यंत जे जे छापलंस ते सगळं घेऊन ये. पाटीचा फोटो पण आण.”

दुसऱ्या दिवशी भाच्यानं सगळं टेबलावर मांडलं. तिथं लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला आलेला एक शेतकरी प्रूफची वाट पाहत बसला होता. काकांनी त्याला जवळ बोलावलं.

“पाहुणे, हे पाहा बरं. किती हाटेलं आहेत ही?”

शेतकऱ्यानं एकेक कागद उचलून पाहिला. “चार. नाही, फोन नंबर दोन येगळे दिसून राह्यले. चारच म्हणा.”

“आता सांगा, सरकीचं बियाणं घेता कसं?”

“पिशवी पाहून. दुसरं काय पाहणार? बी तर सगळं सारखंच दिसतं.”

“अन् पिशवीचा रंग बदललेला दिसला तर?”

“घेत नाही. डुप्लिकेट असलं तर? वर्ष जातं ना भाऊ.”

जालन्यात हे समजावून सांगावं लागू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको सुरू केली आणि हे गाव देशाला बियाण्याचं गाव म्हणून माहीत झालं. १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. बी पेरल्याशिवाय कळत नाही. पेरल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून शेतकरी आपला सगळा भरवसा त्या पिशवीवरच्या नावावर, चित्रावर आणि रंगावर टाकतो. इथल्या लोखंडाचंही तेच. सळईवर कारखान्याचं नाव ठरावीक अंतरानं उठवलेलं असतं, तुकडा केला तरी नाव सोबत जातं. परगावचा उपाशी माणूस अनोळखी खानावळीच्या दारात उभा असतो तेव्हा त्याची अवस्था बियाण्याच्या दुकानातल्या शेतकऱ्यासारखीच असते. आत काय शिजतंय ते त्याला दिसत नाही. मागच्या वेळी जिथं बरं वाटलं ते दार पुन्हा सापडावं, एवढीच त्याची अपेक्षा. मावशीचं गिऱ्हाईक तिला सोडून गेलं नव्हतं. आधी त्याच्याकडं दार ओळखायची खूणच नव्हती; आता हातात निळं ‘रेस्टॉरंट’ घेऊन ते लाल-पिवळ्या ‘ढाब्या’समोरून निघून जात होतं.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “काका, मोठ्या हॉटेलांकडं पैसा असतो. आमच्याकडं कुठं?”

“एकच चेहरा ठेवायला पैसा कमी लागतो, जास्त नाही,” काका म्हणाले, आणि त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. चार रंगांना चार प्लेटा लागतात; एका रंगाला एक. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च पाचशे प्रती काढा की दोन हजार काढा, तेवढाच. पुढं वाढतो तो मुख्यतः कागद. म्हणून दर दोन महिन्यांनी नवं डिझाइन करून पाचशे काढणं हा सर्वांत महाग धंदा. वर्षाला एकदा एकच मजकूर भरपूर काढणं सर्वांत स्वस्त. रंगीत कागदावर एकाच शाईनं छापलं की डोळ्याला दोन रंग दिसतात, पैसे एकाचेच. पार्सलसाठी छापील पिशव्या परवडत नसतील तर साध्या खाकी कागदावर रबरी शिक्का मारायचा.

अक्षर कुठलं घ्यायचं, हा प्रश्न आला तेव्हा काकांनी पाटीचा फोटो पुढं ओढला. गावातल्या पेंटरनं हातानं काढलेलं ते अक्षर होतं. ‘भ’ला जरा जास्तच गोल पोट, शिरोरेषा जाड. कुठल्याच फॉन्टमध्ये न सापडणारं. “हेच ट्रेस करू. पाटीवर हे, बिलावर हे, शिक्क्यावर हे. नाव पण हेच, भोजनालय. अन् नवी पाटी करशील तेव्हा मराठी मोठंच ठेव, २०२२ पासून लहान दुकानांना पण मराठी पाटीचा कायदा लागू आहे. बिलबुकावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर टाक, तो पण २०२२ पासून लागतो. फ्लेक्सच्या नादी लागू नको. आपल्या उन्हाळ्यात त्याचा रंग एका हंगामात उडतो.” पत्रकासाठी हळदी कागद आणि किरमिजी शाई ठरली. शाईच्या मिश्रणाचे आकडे काकांनी बिलबुकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून दिले, म्हणजे उद्या दुसऱ्या प्रेसवर गेला तरी तोच किरमिजी निघावा. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल याची तजवीज करून देणारे असे कारागीर मला फार मोठे वाटतात.

“गणपती वर घेऊ ना?” भाच्यानं विचारलं.

“देव पत्रकावर घ्यायचा नाही. पायाखाली येतो.”

“मग कागद ठेवील कोण घरी?”

काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडं बोट केलं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं. तारखा तर सगळ्याच कॅलेंडरांत होत्या. हे भिंतीवर राहिलं ते पंचांगामुळं, आणि पान उलटलं की मागं पाककृती नि वाचायला मजकूर असायचा म्हणून. माणसाच्या कामाचं असेल तर कागद घरात राहतो. काकांनी विचारलं, “राजूरला येणाऱ्याला वर्षभर काय लागतं?”

उत्तर मावशीनं दिलं असतं तर लगेच दिलं असतं. भाच्याला थोडा वेळ लागला. “संकष्टीच्या तारखा. अन् चंद्रोदय.”

मागची बाजू तशी ठरली: वर्षाच्या बारा संकष्ट्या, अधिक मास असला तर तेरा, अंगारकी ठळक, आणि प्रत्येकीसमोर चंद्रोदयाची वेळ. भाच्यानं वेळा मोबाइलमधून उतरवून आणल्या. काकांनी पहिलीच ओळ पाहून कागद परत केला. त्या मुंबईच्या होत्या. जालना मुंबईच्या पूर्वेला तीन रेखांश. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडं चंद्र सुमारे बारा मिनिटं आधी उगवतो. “दिवसभर उपाशी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तू बारा मिनिटं जास्त बसवणार काय?” भाचा पंचांगवाल्या गुरुजींकडं गेला, जालन्याच्या वेळा घेऊन आला. पुढच्या बाजूला मजकूर थोडकाच होता: नाव, वाट, एक फोन नंबर, आणि ‘चुलीवरची ज्वारीची भाकरी’. दर घातला नाही. तो बदलतो, त्याची जागा आतल्या मेनू कार्डावर. एक शब्द मात्र भाच्यानं हट्टानं घालून घेतला, ‘सुप्रसिद्ध’. काकांनी ओठ मुडपले, पण घातला.

हा हळदी कागद रस्त्यावर वाटायचा नाही, जेवलेल्या माणसाच्या हातात बिलासोबत द्यायचा, असं ठरलं.

पुढच्या अंगारकीला परीक्षा झाली. चंद्र उगवला आणि सगळी रांग एकदम भुकेली झाली. दोन चुली, भाकऱ्या थापणाऱ्या तिघी, आणि ज्वारीचं पीठ तळाला आलेलं. भाच्यानं दुचाकी काढली आणि हायवेच्या ढाब्यावरून तंदूर रोट्यांची टोपली भरून आणली. पहिली रोटी ताटात पडली तशी देऊळगाव राजाकडच्या एका माणसानं खिशातून हळदी कागद काढला. तो भांडला नाही. त्यानं कागद मावशीला दाखवला आणि म्हणाला, “मावशी, इथं तर भाकरी लिहेल आहे.”

मावशीनं टोपली उचलली, भाच्याच्या हातात दिली. “जिथून आणल्या तिथं देऊन ये.” मग दारात येऊन रांगेला सांगितलं, “बाबांनो, भाकरी संपली. खिचडी आहे, ती असंल तोवर वाढते.” काहीजण कुरकुरले. बरेच शेजारी गेले. भाच्याचा चेहरा उतरला. “मावशी, अख्खी रात्र घालवली की!”

“काहून लिहिलं मग?” मावशी म्हणाली.

मी मावशीच्या बाजूचा आहे, आणि तो निव्वळ भाबडेपणा नाही. तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं. छापलेलं दोन हजार घरांत वर्षभर देवघराशेजारी टांगलेलं राहतं, आणि दर चतुर्थीला कोणीतरी चष्मा लावून ते वाचतं. तिथं एक शब्द खोटा निघाला की माणूस मागच्या बाजूच्या चंद्रोदयाच्या वेळेवरही विश्वास ठेवणार नाही.

त्यानंतर गिऱ्हाईक दुप्पट झालं असं काही घडलं नाही. घडलं ते वेगळंच. खानावळीचा फोन चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाजू लागला. कोणी विचारी, उद्या चंद्र कधी दिसतो? कागद हरवला होता, पण नंबर मोबाइलमध्ये ठेवलेला. मावशी सांगे. मग पलीकडून हमखास येई, “आम्ही सात-आठ जण आहोत, भाकरी ठेवता का?” भाचा वहीत लिहून घेऊ लागला. आदल्या दिवशीच आकडा कळू लागला, त्या हिशोबानं ज्वारी दळून येऊ लागली, आणि थापायला आणखी दोघी बोलावता येऊ लागल्या. रांग तशीच होती, पण पीठ किती लागणार ते आता आधी माहीत असायचं.

वर्ष सरत आलं तसा भाचा प्रेसवर गेला. नव्या तारखा गुरुजींकडून तपासून आणलेल्या होत्या. कागद हळदीच, शाई किरमिजीच. फक्त एक ओळ जास्त हवी होती: ‘भाकरीसाठी आदल्या दिवशी फोन करा.’

काकांनी पट्टी लावून पाहिली. “जागा नाही. अक्षर बारीक करावं लागंल.”

“बारीक नको, म्हातारी माणसं वाचतात,” भाचा म्हणाला. त्यानं प्रूफ स्वतःकडं ओढलं, काकांच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि ‘सुप्रसिद्ध’वर रेघ मारली. “आता बसंल.”