दाखल्याच्या शोधात

हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने जो ग्रंथ मराठीत आणला, त्याचा मूळ कर्ता जॉन बन्यन हा इंग्लंडातील बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे होता, हे पुष्कळांस ठाऊक असते; परंतु ती बारा वर्षे त्यास कोणी शिक्षा म्हणून ठोठावली नव्हती, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. परवान्यावाचून प्रवचने केल्याबद्दल १६६० साली त्यास धरले, पुन्हा प्रवचन करणार नाही असे कबूल केल्यास सोडावयाचे ठरले. त्याने कबूल केले नाही, म्हणून तो राहिला.

त्या काळी शिक्षा म्हणजे फाशी, फटके, डागणी; तुरुंग म्हणजे फिरत्या न्यायाधीशांचा फेरा येईपर्यंत आरोपीस, आणि पैसे फिटेपर्यंत ऋणकोस, अडकवून ठेवण्याचे ठाणे. १५५३ साली लंडनचा ब्राइडवेल राजवाडा शहराच्या हवाली होऊन तेथे भटक्यांना कामास जुंपू लागले, तेव्हा कोंडल्याने माणूस सुधारतो या कल्पनेचे बीज पडले खरे. पण परगण्याच्या तुरुंगात ते फारसे रुजले नाही.

बेडफर्डचा हा तुरुंग हाय स्ट्रीट आणि सिल्व्हर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, भर वस्तीत होता. तेथील दरोग्यास मुशाहिरा नसे. कैद्यांकडून मिळेल ते त्याचे उत्पन्न, आपल्या वतनदारांच्या हक्क-लवाजिम्याची आठवण व्हावी असे. बन्यन नाड्यांच्या टोकांना धातूची टोपणे बसवी आणि त्या विकून बायकामुलांस पोशी. एका दरोग्याने तर त्यास इतकी मोकळीक दिली की तो प्रवचनांस बाहेर जाई, एकदा थेट लंडनला जाऊन आला, आणि त्यापायी त्या भल्या माणसाची जागा जाता जाता राहिली.

शतक उलटले तरी रिवाज तोच होता. १७७३ साली जॉन हॉवर्ड बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. हे पद बहुतेकांस मिरवण्यापुरतेच वाटे. परंतु फ्रेंचांच्या कैदेत स्वतः दिवस काढलेल्या या गृहस्थाने तुरुंगात जाऊन पाहिले, तो निर्दोष ठरलेली माणसेही आतच! दरोग्याचे पंधरा शिलिंग चार पेन्स आणि चावीवाल्याचे दोन शिलिंग चुकते केल्यावाचून सुटका नव्हती. दरोग्यास पगार द्यावा, म्हणजे ही वसुली थांबेल, असे त्याने परगण्याच्या न्यायाधिकाऱ्यांस विनविले. त्यांस ते पटले. पण परगण्याच्या खजिन्यावर बोजा घालावयाचा तर पूर्वीचा दाखला हवा, असे ते म्हणाले. कारकुनी वृत्ती कोणत्या देशी नसते?

दाखला शोधावयास हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत फिरला. तो कोठेच सापडला नाही. जेथे जाई तेथे तोच अन्याय, आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत फाशीहून अधिक बळी घेणारा तुरुंगज्वर. १७७४ साली पार्लमेंटाने निर्दोष सुटलेल्यांकडून होणारी ही वसुली बंद केली आणि कोठड्यांच्या स्वच्छतेचा कायदा केला. १७७७ साली हॉवर्डचा तुरुंगांविषयीचा ग्रंथ निघाला, आणि १७७९ च्या कायद्यात एकांतवास, नियमित श्रम व धर्मोपदेश यांनी कैद्याचे मन पालटावे हा विचार शब्दांत उतरला. ठेवून घेण्याची जागा हीच आता शिक्षा होऊ लागली.

१८०१ साली बेडफर्डास नवा तुरुंग उभा राहिला आणि कोपऱ्यावरची जुनी वास्तू पाडली गेली. लाच, वसुली आणि ताप यांच्याविषयी कोणास हळहळ वाटणार? मात्र कैद्यास लंडनला जाऊन येऊ देणारा तो दरोगा नव्या नियमावलीच्या कोणत्या कलमात बसला असता, हे मला अजून ठरविता आलेले नाही.