रिकामी ठेवलेली केबल

नव्या ऑफिसात साहेबांची केबिन कुठे, पँट्री कुठे, भिंतींना रंग कोणता, यावर चार-चार बैठका होतात. नेटवर्कचे स्विच एकमेकांना कसे जोडायचे हे मात्र केबल ओढायला आलेला मुलगा दुपारी जेवून आल्यावर ठरवतो. त्याचा दोष नाही. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. खालच्या मजल्यावर जो स्विच हाताशी असतो त्यातूनच वरची केबल काढणं सर्वांत सोपं. तळमजल्यावरून पहिल्यावर, पहिल्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, अशी साखळी तयार होते.

साखळी चालते, हीच तिची अडचण. दोन-तीन वर्षं कुणाला काही जाणवत नाही. मग एक दिवस पहिल्या मजल्यावरचा स्विच जळतो आणि जिथे काहीच बिघडलेलं नाही ते वरचे दोन्ही मजलेही बंद पडतात. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर दरड कोसळली की पुढच्या गाड्या जिथल्या तिथे थांबतात, तसंच. शिवाय सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तिन्ही मजल्यांची, चोवीस पोर्टांचे स्विच धरले तर साठेक माणसांची वाहतूक त्या खालच्या एकाच केबलमधून रोज जाते.

दुसरी रचना ताऱ्यासारखी. प्रत्येक मजल्याची केबल थेट तळमजल्यावरच्या मुख्य स्विचकडे. साखळीला तीन मजल्यांच्या उंचीएवढी केबल लागते; ताऱ्याला एक, दोन आणि तीन मिळून सहा. दुप्पट हा शब्द ऐकूनच लोक बिचकतात, पण अशा इमारतीत हा फरक दहा-बारा मीटरचा असतो. तांब्याच्या केबलची शंभर मीटरची मर्यादा तर फारच लांब राहते. एवढ्याशा केबलसाठी माणसं वर्षानुवर्षं साखळी सोसत राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताऱ्यात मुख्य स्विच गेला तर सगळंच जातं, हे खरं. पण मग यूपीएसवर ठेवायची, जिच्यासाठी एक जादा स्विच कपाटात आणून ठेवायचा अशी जागा एकच उरते, आणि ती कुठे आहे हे सर्वांना माहीत असतं.

कुणी म्हणतं, साखळीचं शेवटचं टोक पहिल्या स्विचला जोडून कडं करू. एक रस्ता तुटला तर दुसरा आहेच. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण इथरनेटच्या फ्रेमला मरण नाही. आयपीच्या पॅकेटवर एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटरवर एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. फ्रेमवर असं काही लिहिलेलं नसतं. कड्यात शिरलेला एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठी पाठवलेला निरोप, दोन्ही दिशांनी फिरत राहतो, त्यात नवे मिळत जातात, आणि काही सेकंदांत रॅकमधले सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागतात.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत निरोप पाठवून एक मूळ निवडतात आणि जिच्यामुळे कडं पूर्ण होतं ती वाट बंद ठेवतात. केबल जोडलेलीच राहते, पण रोजची वाहतूक तिच्यातून होत नाही; मुख्य रस्ता तुटला की ती उघडते. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्याला रिकामी जागा पाहवत नाही, पैसे मोजलेली वस्तू पडून राहिलेली सोसवत नाही. इथे तर पडून राहणं हेच त्या केबलचं काम आहे.

आता मूळ कोण होणार? सर्व स्विचांचा प्राधान्यक्रम मुळात ३२७६८ असा सारखाच असतो. बरोबरी झाली की ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो निवडून येतो, आणि एकाच कंपनीचे स्विच असतील तर तो बहुधा सर्वांत जुना असतो. म्हणजे कुणीच ठरवलं नाही तर टेबलाखाली धूळ खात पडलेला डबा साऱ्या ऑफिसचा केंद्रबिंदू होऊन बसतो आणि वाहतूक त्याच्या सोयीने वळसे घेते.

न ठरवता जोडत जाण्याची किंमत मोठीही असते. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क चार दिवस कोलमडत राहिलं. जोड देत देत ते स्पॅनिंग ट्रीला झेपेल त्यापलीकडे वाढलं होतं. डॉक्टर आणि परिचारिकांना पुन्हा कागदावर कामं करावी लागली. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हालम्का यांनी झालेलं सगळं जगाला उघडपणे सांगितलं, म्हणून आज आपल्याला ते शिकता येतं.

मी तारा निवडतो. मूळ म्हणून मुख्य स्विचच निवडून यावा यासाठी त्याचा प्राधान्यक्रम स्वतःच्या हाताने कमी आकड्यावर आणतो, प्रत्येक मजल्याला एक जादा केबल देतो आणि रॅकच्या दाराच्या आत नकाशा चिकटवतो. मग रविवारी, ऑफिस रिकामं असताना, चालू केबल उपटायची आणि घड्याळ बघायचं. स्पॅनिंग ट्रीची जुनी पद्धत असेल तर पन्नास सेकंदांपर्यंत थांबावं लागतं. नवी असेल तर दोन-तीन आकडे मोजेपर्यंत दुसरा दिवा लागलेला असतो.