धीर धरणें आणि धीर देणें

महाभारताच्या आदिपर्वांत शकुंतलेच्या जन्मकथेच्या ओघांत कण्वमुनींच्या तोंडीं एक धर्मनिर्णय आला आहे. देह देणारा, प्राण राखणारा आणि अन्न घालणारा हे तिघेही पिताच होत. अरण्यांत पक्ष्यांनीं राखलेली पोर त्यांनीं आश्रमांत आणली व कन्या मानली. २०१५ च्या बालन्याय कायद्याचें ४४ वें कलम तरी याहून निराळें काय सांगतें? निराधार मूल प्रतिपालक कुटुंबाकडे सोंपवावें, आणि त्या कुटुंबानें त्याचें शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी घ्यावी.

परंतु शकुंतलेची कथा आश्रमांत संपत नाहीं. तिची परीक्षा होते ती दुष्यंताच्या दरबारांत. तेथें तिला आपली ओळख पटवावी लागते. आजच्या प्रतिपालित मुलीचा दरबार म्हणजे तिची शाळा. प्रवेशाच्या कागदावर आईबापांचें नांव, पालकसभेच्या दिवशीं 'तुझें कोण आलें?' हा प्रश्न, आणि निबंधाला विषय 'माझें घर'! ज्या वयांत मैत्रिणींहून वेगळें दिसणें हीच मोठी शिक्षा वाटते, त्या वयांत तिला वारंवार अशी अंगठी दाखवावी लागते. घर बदललें कीं पुष्कळदां शाळाही बदलते. सुटलेला धडा आणि तुटलेली मैत्री दोन्हीं नव्यानें जोडावीं लागतात.

एवढें सोसून ती उत्तीर्ण झाली म्हणजे आपण तिच्या धैर्याचे गोडवे गातों. माझ्या एका विद्यार्थिनीचा असाच सत्कार झाला. दोन घरें व तीन शाळा पालटून ती महाविद्यालयांत आली होती. समारंभानंतर ती मला म्हणाली, "सर, मी धीट नव्हतें. मला दुसरें काय करतां आलें असतें?"

या प्रश्नानें मी निरुत्तर झालों. जिला दुसरा मार्गच नव्हता, तिच्या सहनशक्तीची आपण स्तुति करावी, हें ऋणकोनें सावकाराच्या काटकसरीची तारीफ करण्यासारखें आहे! याचा अर्थ तिचें श्रेय नाकारावें असा नव्हे. महाभारतांतील शकुंतला राजाला भर दरबारांत निर्भयपणें उत्तर देते. तें तेज तिचेंच. पण तसें उत्तर देण्याची पाळी तिच्यावर आली, हा दोष दरबाराचा.

त्याच विद्यार्थिनीनें पुढें एका बाईंची आठवण सांगितली. त्या दर शनिवारीं शाळा सुटल्यावर तिची वही मागून घेत व राहिलेले धडे करवीत. घरची चौकशी त्यांनीं कधींच केली नाहीं. शनिवारही कधीं चुकविला नाहीं.

आपल्या मराठींत धीर नुसता धरीत नाहींत, देतातही. मुलीनें धरलेल्या धीराचें मोजमाप करण्यापूर्वीं, आपण तिला तो किती शनिवार दिला, हें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.