उघड्या दाराची प्रार्थना

रोज पहाटे तीच स्तोत्रे, तीच मिस्सा, संध्याकाळी तीच जपमाळ. जीभ बोलते आणि मन कापसाच्या बाजारात हिंडते. अशा उपासनेला अर्थ तो काय? जळगावकडील एका शेतकरी भाविकाने मला हे विचारले, तेव्हा मी सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. ते चुकीचे नव्हते; पण ते माझे नव्हते.

माझे उत्तर मला पुढे धुळे जिल्ह्यातील एका गावी मिळाले. पहाटेची प्रार्थना चालू असताना दारावर थाप पडली. एक मजूर बाई उभी होती, कडेवर तापाने फणफणलेले मूल. शहरातील दवाखान्यात जाण्यासाठी तिला बसभाडे हवे होते. ‘थोडे थांबा’ म्हणून मी दार लोटले आणि उरलेली स्तोत्रे पूर्ण केली. पुन्हा दार उघडले तेव्हा ओटा रिकामा होता.

मग ती प्रार्थना खोटी होती काय? सतराव्या शतकात फ्रान्समध्ये संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या सेवाव्रती भगिनींना शिकविले की, प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर निःशंक उठावे. ते देवाला सोडून जाणे नव्हे, देवाकडेच जाणे होय. हे मी वाचले होते, त्यावर प्रवचनही केले होते. तरीही मी उठलो नाही.

यावर कोणी म्हणेल, मग उपासना सोडा आणि सेवाच करा. मला तसे वाटत नाही. दुसऱ्या पहाटे दीनांचा कैवार घेणाऱ्या परमेश्वराचे स्तोत्र समोर आले आणि माझे ओठ थबकले. प्रार्थनेचा नेम नसता, तर एखादी सबब शोधून मी ते सारे विसरून गेलो असतो. मिस्साच्या आरंभी पापकबुली असते. ती धर्मगुरूलाही चुकत नाही. रोजची उपासना आपल्याला सज्जनपणाचे प्रशस्तिपत्र देत नाही. ती रोज त्याच आरशापुढे उभे करते.

आपल्या खानदेशाला ‘रोजचे तेच ते’ यातील सामर्थ्य ठाऊक आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम करताना, शेतात राबताना त्यांची गाणी जन्मली. जाते तेच असते, पण म्हणून आजचे पीठ शिळे ठरत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील साचेबंद दिनक्रमातच विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेला ख्रिस्तसभेच्या जीवनाचे शिखर आणि उगम म्हटले. तापी मुलताईला उगम पावते, पण तेथेच थांबती तर खानदेशाची शिवारे कोरडी राहिली असती. वेदीपाशी मिळालेली कृपाही तशीच खाली, माणसांच्या वस्तीकडे वाहिली पाहिजे.

त्या शेतकरी बांधवाला आज मी सांगेन : मन बाजारात जात असेल, तर तो बाजारच प्रभूपुढे ठेवा. तेथील भाव, तेथील माप, मजुराची राहिलेली मजुरी, सारे काही. प्रार्थनेत आलेला व्यत्यय कधी कधी प्रार्थनेचे उत्तर असतो.

पहाटेची स्तोत्रे मी आजही म्हणतो. फक्त दार आता उघडे असते.